मधला फोटो

अलकापुरीत, तिसऱ्या मजल्यावर, निळ्या पडद्यासमोर
फरशीवर पिवळ्या टेपची दोन पावलं आहेत.
त्यांवर उभं राहायचं.
टिकली काढा, चमकी काढा, केस कानामागे.
हसू नका, हसलात की नाक पसरतं.
समोरून एक, डावीकडून, उजवीकडून,
आणि मान वर करून नाकपुड्यांचा एक.

माणसं ऐकतात.
अशीच ऐकायची दांडिया बाजारातल्या आमच्या स्टुडिओत,
जिथे निगेटिव्हवर बारीक पेन्सिल फिरवून
मी लग्नाळू मुलींच्या मुरमांचे खड्डे बुजवायचो.
तेव्हा फोटो खोटं बोलायचा, चेहरा गप्प बसायचा.
आता फोटो पुढे जातो
आणि चेहऱ्याला त्याच्या मागून यावं लागतं.

हेतल शिर्के बहिणीला घेऊन आली.
चौथ्या वर्षी, वाडीतल्या गल्लीत,
कुत्र्याने डावी नाकपुडी नेली.
त्यानंतर घरात चौतीस वर्षं
कुणी 'नाक कापलं' म्हटलं नाही,
भाऊ दोनदा नापास झाला तरी.

आधीचा फोटो?
एकच. बारशाचा.
त्यात ती झोपलीय, आणि नेमकी नाकावर
कुणाच्या तरी अंगठ्याची सावली.

डॉक्टर परीख म्हणाले, खानविलकरभाई, बहिणीचं घ्या.
मी बिंदूला पावलांवर उभं केलं,
तिचं नाक उचललं, हेतलला लावलं,
कडा पुसल्या, रंग जुळवला. सतरा मिनिटं.

"अगं, ही तर मीच!" बिंदू म्हणाली.

हेतलचा हात सवयीने ओढणीकडे गेला,
नाकापर्यंत पोचायच्या आधीच थांबला.
बराच वेळ स्क्रीनकडे बघून म्हणाली,
"थोडं बिघडवा."
किती?
"हिचं घरात आहेच एक.
माझं जरा... जसं झालं असतं तसं."

जसं झालं असतं तसं.
नाक लहान करता येतं, शेंडा उचलता येतो,
हाड घासता येतं माऊसच्या एका ओढीत,
पण याचं बटण नाही.

सात नाकं केली.
चौथं मला आवडलं होतं, तिने मान हलवली.
सातवं मध्ये जरा बसकं, शेंड्याशी किंचित वाकडं.
"हे ठेवा," म्हणाली.
खाली छापलेलंच असतं:
चित्र केवळ अंदाज आहे, प्रत्यक्षात फरक पडू शकतो.
तीन ठिकाणी सही.

कपाळाची कातडी, कानाची कुर्ची, तीन ऑपरेशनं, सात महिने.
जे आलं ते सातवं नव्हतं.
बिंदूचंही नव्हतं.
आरशात डावीकडून बघितलं, उजवीकडून बघितलं,
मग पर्समध्ये चमकी शोधता शोधता म्हणाली,
"एकदा सर्दी होऊ दे याला. मग माझं वाटेल."

परवा डिस्क भरली.
डॉक्टर म्हणाले, आधीचे ठेवा, नंतरचे ठेवा,
मधले उडवा.
मधले म्हणजे चार हजार माणसं,
वडोदऱ्यात ज्यांच्या नावावर विजेचं बिल नाही,
ज्यांना कधी कुणी मागून हाक मारली नाही.
नीट नाकांची, वळलेल्या हनुवट्यांची,
एकही हसत नाही.
मीच सांगितलेलं, हसू नका.

उडवतो म्हटलं. अजून उडवले नाहीत.

काल मांडवीत, लीलो चिवड्याच्या दुकानासमोर,
एका बाईच्या चेहऱ्यावर चौथं नाक होतं.
तेच. हाडाजवळचा तो उतार मी ओळखतो,
दोनदा खोडून काढलेला आहे.
ती आमच्याकडे कधी आलेली नाही.
अर्धा किलो म्हणाली, पुन्हा मोजायला लावलं,
आणि सुटे घेता घेता
रुमाल शोधेपर्यंत
तीनदा शिंकली.